आरक्लोनची पहिली मांडणी: गूगल ड्राइव्हवर बॅकअप पाठवण्याआधी कोणती सेटिंग कशी लावावी

आरक्लोन हा टर्मिनलमधून चालणारा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम. निक क्रेग-वुड यांनी तो गो भाषेत लिहायला घेतला. आज तो गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ॲमेझॉन एस३, बॅकब्लेझ बी२ अशा सत्तरहून जास्त साठवणींना जोडता येतो. फायली वर पाठवायची कमांड एका ओळीची आहे आणि ती कुणालाही जमते. फसगत होते ती त्याआधी, `आरक्लोन कॉन्फिग` एकामागून एक प्रश्न विचारत असताना सगळ्यांना एंटर मारत गेल्यामुळे. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना एंटर हेच योग्य उत्तर आहे. तीन-चार ठिकाणी मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण तिथे दिलेलं उत्तर नंतर बदलणं अवघड असतं.

या लेखात गूगल ड्राइव्हवर घरचे फोटो आणि कागदपत्रं कुलूपबंद करून ठेवायची मांडणी केली आहे. कमांड जशा उच्चारतात तशा देवनागरीत दिल्या आहेत. वेगळं सांगितलं नसेल तर टाइप करताना सगळं रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं. पर्यायाच्या आधी दोन आडव्या रेघा असतील तर दोनच द्यायच्या आणि त्यांच्यामध्ये जागा सोडायची नाही.

## बसवणं आणि आवृत्ती

उबुंटू किंवा डेबियनवर `सुडो एपीटी इन्स्टॉल आरक्लोन`, विंडोजवर `विंगेट इन्स्टॉल आरक्लोन.आरक्लोन`, मॅकवर `ब्रू इन्स्टॉल आरक्लोन`. मग `आरक्लोन व्हर्जन` चालवून आवृत्ती बघा.

एपीटीमधून मिळणारी आवृत्ती बहुधा मागची असते. कॉपी करायला ती चालते, पण कोड कॉपी-पेस्ट करून लॉग-इन करायची जुनी पद्धत गूगलने २०२२-२३ मध्ये बंद केली. त्याआधीची आवृत्ती ब्राउझर नसलेल्या सर्व्हरवर लॉग-इनलाच अडते. तसं असेल तर आरक्लोन डॉट ओआरजी या अधिकृत साइटवरून ताजी आवृत्ती घ्या. मॅकवर ब्रूने बसवलेल्या प्रतीत माउंटची, म्हणजे दूरची साठवण साध्या फोल्डरासारखी उघडायची, सोय नसते. या लेखातल्या कामाला ती लागत नाही.

## आधी स्वतःचा क्लायंट आयडी काढा

कॉन्फिगमधला पहिला महत्त्वाचा प्रश्न क्लायंट आयडीचा, म्हणजे कोणतं ॲप विनंती करतंय हे गूगलला सांगणाऱ्या ओळखीचा. रिकामा सोडला तर आरक्लोनचा स्वतःचा आयडी वापरला जातो. तो जगभरचे असंख्य लोक एकाच वेळी वापरत असतात आणि गूगल विनंत्यांची मर्यादा आयडीनुसार मोजतो. परिणामी तुमचं इंटरनेट वेगवान असूनही कॉपी रखडते आणि लॉगमध्ये ४०३ क्रमांकाच्या, मर्यादा ओलांडल्याच्या चुका दिसू लागतात. स्वतःचा आयडी काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याला पैसे लागत नाहीत, कार्डही द्यावं लागत नाही. आमच्या मते हा टप्पा वगळूच नये.

1. ज्या खात्यात फायली ठेवायच्या त्याच खात्याने गूगल क्लाउड कन्सोल उघडा आणि नवा प्रोजेक्ट तयार करा.
2. एपीआय लायब्ररीत ‘गूगल ड्राइव्ह एपीआय’ शोधा आणि ‘एनेबल’ दाबा. हे राहिलं तर पुढचं सगळं नीट होऊनही पहिल्याच यादीला ४०३ येतो.
3. ओऑथ (पासवर्ड न देता ॲपला परवानगी द्यायची पद्धत) संमतीच्या पानावर वापरकर्ता प्रकार ‘एक्स्टर्नल’ निवडा, ॲपला नाव द्या, आपला ईमेल भरा.
4. त्याच भागात ॲपची स्थिती ‘टेस्टिंग’ दिसेल. ‘पब्लिश ॲप’ दाबून ती ‘इन प्रॉडक्शन’ करा.
5. क्रेडेन्शियल्समध्ये नवा ओऑथ क्लायंट आयडी काढा, प्रकार ‘डेस्कटॉप ॲप’. समोर येणारा आयडी आणि सीक्रेट दोन्ही लगेच जपून ठेवा.

चौथी पायरी सर्वांत जास्त वेळा राहते. टेस्टिंग स्थितीतल्या ॲपला गूगल जे रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा लॉग-इन न करता आत येऊ देणारी किल्ली, देतो ते ७ दिवसांत मरतं. मांडणी केली त्या दिवशी सगळं व्यवस्थित चालतं, आठवड्याने रात्रीचा बॅकअप बंद पडतो, आणि आपण काहीच बदललेलं नसल्यामुळे कारण सापडत नाही. गूगल या पानांची नावं आणि जागा अधूनमधून बदलत असतो. बटण दुसऱ्या कोपऱ्यात गेलेलं असलं तरी या पाच गोष्टी त्याच राहतात.

## प्रश्नोत्तरं: कुठे एंटर, कुठे थांबायचं

`आरक्लोन कॉन्फिग` चालवा. नवं रिमोट तयार करायला ‘एन’ दाबा. रिमोट म्हणजे एका साठवणीचा पत्ता, किल्ली आणि सेटिंग यांना मिळून दिलेलं नाव.

नाव. छोटं, बिनजागेचं, रोमन अक्षरांत. इथे आपण `घर` ठेवू.

साठवणीचा प्रकार. लांबलचक क्रमांकित यादी येते. क्रमांक टाकू नका, `ड्राइव्ह` हा शब्दच टाका. हे क्रमांक प्रत्येक आवृत्तीत सरकतात. जुन्या सूचनांमधला क्रमांक टाकला की भलतीच साठवण निवडली जाते.

क्लायंट आयडी आणि सीक्रेट. वर काढलेले दोन्ही इथे चिकटवा. मागे-पुढे चुकून जागा आलेली नाही ना, ते बघा.

स्कोप. आरक्लोनला तुमच्या ड्राइव्हवर किती अधिकार द्यायचा, हे इथे ठरतं. पहिला पर्याय, `ड्राइव्ह`, सगळ्या फायलींवर वाचण्या-लिहिण्या-खोडण्याचा अधिकार देतो. दुसरा, `ड्राइव्ह.रीडओन्ली`, फक्त वाचण्याचा. तिसरा, `ड्राइव्ह.फाइल`, फक्त आरक्लोनने स्वतः निर्माण केलेल्या फायलींपुरता.

बॅकअपसाठी तिसरा घ्या. कमांड चुकली तरी तुमच्या ड्राइव्हवरच्या इतर फायलींना धक्का लागणार नाही, कारण आरक्लोनला त्या दिसतच नाहीत. याच्या दोन बाजू मात्र लक्षात ठेवायला हव्यात. ब्राउझरमधून बनवलेलं ‘साठवण’ नावाचं फोल्डर आरक्लोनला दिसणार नाही आणि तो त्याच नावाचं दुसरं फोल्डर तयार करेल. गूगल ड्राइव्ह एकाच ठिकाणी एकाच नावाची दोन फोल्डरं चालवून घेतो. म्हणून मूळ फोल्डर आरक्लोनकडूनच बनवून घ्यायचं. दुसरी गोष्ट, हा अधिकार ॲपला, म्हणजे तुम्ही काढलेल्या प्रोजेक्टला बांधलेला असतो. उद्या दुसऱ्या प्रोजेक्टचा आयडी लावलात तर जुन्या फायली यादीतून गायब होतील. त्या असतील जागेवरच, पण नव्या ॲपला दिसणार नाहीत.

तुम्हाला ड्राइव्हवर आधीपासून असलेल्या फायली खाली उतरवायच्या असतील तर तिसरा पर्याय उपयोगाचा नाही. तेव्हा दुसरा घ्या. आणि फोनवरून गूगल फोटोजमध्ये जाणारे फोटो ड्राइव्हमध्ये नसतात, ते इथे कोणत्याही स्कोपने दिसणार नाहीत.

सर्व्हिस अकाउंट फाइल. एंटर. ॲडव्हान्स्ड कॉन्फिग. ‘एन’.

ब्राउझरने लॉग-इन. समोर ब्राउझर असेल तर ‘वाय’. आरक्लोन आपल्याच संगणकावर ५३६८२ या पोर्टवर तात्पुरतं पान उघडतो आणि तिथून गूगलच्या लॉग-इनवर नेतो. पूर्ण स्कोप निवडला असेल तर ॲप तपासलेलं नसल्याची सूचना येऊ शकते. ॲप तुमचंच आहे, ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जा. सर्व्हर असेल आणि ब्राउझर नसेल तर ‘एन’ द्या. मग पडद्यावर `आरक्लोन ऑथोराइज` ने सुरू होणारी एक ओळ येईल. ती ब्राउझर असलेल्या दुसऱ्या संगणकावर चालवा आणि मिळालेलं लांबलचक उत्तर सर्व्हरवर चिकटवा. दोन्हीकडे आरक्लोनची आवृत्ती एकच असलेली बरी.

शेअर्ड ड्राइव्ह. घरगुती खात्याला ‘एन’. शेवटी ‘वाय’ म्हणून रिमोट ठेवा आणि ‘क्यू’ने बाहेर या.

आता तपासणी:

`आरक्लोन अबाउट घर:`

एकूण जागा, वापरलेली, उरलेली आणि कचऱ्यातली असे आकडे आले तर जोडणी झाली. मोफत खात्याची १५ जीबी जीमेल आणि फोटोज यांच्यात मिळून असते, त्यामुळे उरलेला आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकतो. मग `आरक्लोन एमकेडीर घर:साठवण` चालवून मूळ फोल्डर बनवा.

नावापुढचा अपूर्णविराम कधीही गाळू नका. `घर:` म्हणजे रिमोट. नुसतं `घर` म्हणजे तुम्ही उभे आहात तिथलं ‘घर’ नावाचं साधं फोल्डर. अपूर्णविराम राहिला तर आरक्लोन चूक दाखवत नाही. तो मुकाट्याने आपल्याच डिस्कवर घर नावाचं फोल्डर तयार करतो, सगळे फोटो त्यात कॉपी करतो आणि यशस्वी झाल्याचं सांगतो.

## कॉन्फिग फाइल: तीत काय असतं, ती कशी जपायची

`आरक्लोन कॉन्फिग फाइल` ही कमांड फाइलचा पत्ता सांगते. लिनक्सवर ती घरच्या फोल्डरातल्या `.कॉन्फिग/आरक्लोन/` मध्ये असते. साधी मजकुराची फाइल: चौकटी कंसात रिमोटचं नाव, खाली एकेका ओळीत प्रकार, स्कोप, आयडी आणि टोकन. ज्याच्या हाती ही फाइल लागली त्याला पासवर्डशिवाय तुमच्या साठवणीत शिरता येतं. पासवर्ड त्यात अगम्य अक्षरांत दिसतात, पण ते फक्त वेषांतर आहे. आरक्लोन ते स्वतः उलगडतो, तसं कुणालाही उलगडता येतं.

म्हणून फाइलवरच पासवर्ड लावा. `आरक्लोन कॉन्फिग` मध्ये जाऊन ‘एस’ दाबा, मग ‘ए’. आता प्रत्येक कमांड आधी हा पासवर्ड विचारेल. रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला तो द्यायला `--पासवर्ड-कमांड` हा पर्याय आहे. संगणकाच्या पासवर्ड मॅनेजरमधून तो वाचून देणारी कमांड तिथे लिहायची.

कुणाकडे मदत मागताना `आरक्लोन कॉन्फिग शो`चा मजकूर पाठवू नका, त्यात सगळ्या किल्ल्या असतात. `आरक्लोन कॉन्फिग रिडॅक्टेड` हीच माहिती गुप्त भाग झाकून देते.

ही फाइल फक्त वाचता येईल अशी ठेवली तरी अडचण येते. गूगलचं तात्पुरतं टोकन साधारण तासाभराचं असतं. आरक्लोन ते नवं करून घेतो आणि पुन्हा याच फाइलमध्ये लिहितो. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) फाइल वाचण्यापुरती जोडली की कॉन्फिग जतन न झाल्याची तक्रार दिसू लागते, ती याचमुळे.

एखादं सेटिंग, उदाहरणार्थ मोठी फाइल केवढ्या तुकड्यांत पाठवायची ते ठरवणारं `चंक_साइझ`, नंतर बदलायचं तर फाइल हाताने उघडण्यापेक्षा ही पद्धत बरी:

`आरक्लोन कॉन्फिग अपडेट घर चंक_साइझ ३२एम कॉन्फिग_रिफ्रेश_टोकन=फॉल्स`

शेवटचा तुकडा नसेल तर तेवढ्यासाठी पुन्हा ब्राउझरची लॉग-इनची फेरी सुरू होते.

आणि `सुडो`. सुडोने चालवलेला आरक्लोन रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याच्या फोल्डरात कॉन्फिग शोधतो. ती तिथे नसते, मग ‘डिडन्ट फाइंड सेक्शन इन कॉन्फिग फाइल’ असा संदेश येतो आणि माणूस गोंधळून सगळी मांडणी पुन्हा करतो. गरज नसताना सुडो लावू नका. लावावाच लागला तर `--कॉन्फिग` देऊन पुढे फाइलचा पूर्ण पत्ता लिहा.

## तिजोरी: कुलूपबंद रिमोट

क्रिप्ट हा आरक्लोनमधला एक साठवण-प्रकार आहे. त्याला स्वतःची जागा नसते. तो दुसऱ्या रिमोटवर बसतो आणि फायली तुमच्या संगणकावरून निघण्याआधीच कुलूपबंद करतो. गूगलकडे पोहोचतात ती फक्त न वाचता येणारी नावं आणि मजकूर.

पुन्हा `आरक्लोन कॉन्फिग`, ‘एन’, नाव `तिजोरी`, प्रकार `क्रिप्ट`. ‘रिमोट’ विचारल्यावर `घर:साठवण` लिहा, फोल्डरासकट. नुसतं `घर:` दिलं तर अख्ख्या ड्राइव्हच्या मुळाशी कुलूपबंद आणि उघड्या फायलींची सरमिसळ होते.

फाइलनावांचं कुलूप ‘स्टँडर्ड’, फोल्डरनावांचं ‘ट्रू’. मग पासवर्ड. स्वतःचा द्यायला ‘वाय’, आरक्लोनकडून बनवून घ्यायला ‘जी’; बनवून घेत असाल तर १२८ बिट पुरेसे आहेत. त्यानंतर दुसरा पासवर्ड, ज्याला सॉल्ट म्हणतात, तो विचारला जाईल. हा ऐच्छिक असला तरी द्या. स्वतःचे पासवर्ड देत असाल तर ते रोमन अक्षरांत ठेवा, कारण दुसऱ्या संगणकावर तोच देवनागरी कीबोर्ड हाताशी असेलच असं नाही.

दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. गूगल, आरक्लोनचे निर्माते किंवा कुणीही जाणकार ते परत मिळवून देऊ शकत नाही.

इथून पुढे सगळी ये-जा `तिजोरी:` मधूनच करायची. सवयीने `घर:साठवण` मध्ये काही कॉपी केलं तर ते उघडंच राहतं आणि तिजोरीच्या यादीत दिसतही नाही.

### देवनागरी नावांचा हिशोब

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. बऱ्याच डिस्क आणि साठवणी नावाला २५५ ची मर्यादा घालतात. कुलूप लावल्यावर नाव लांबतं, त्यामुळे मूळ नाव जास्तीत जास्त १४३ बाइटचं असलं तरच ते २५५ मध्ये बसतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, म्हणून इंग्रजी नावांना १४३ अक्षरं मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘मिरवणूक’ दिसायला पाच अक्षरी, पण म, वेलांटी, र, व, ण, दीर्घ उकार, क अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. एकूण ४७ चिन्हांच्या आत नाव बसवावं लागतं. ‘आजीच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाचे’ एवढ्यावरच मोकळ्या जागा धरून ३५ चिन्हं होतात, पुढे ‘निवडक फोटो’ जोडलं की मर्यादा जवळ येते.

गूगल ड्राइव्ह लांब नाव खपवून घेतो, त्यामुळे आज काही कळत नाही. तीच कुलूपबंद साठवण उद्या जशीच्या तशी बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायची वेळ आली की त्या फायली मागे राहतात. यावर सरळ उपाय म्हणजे फाइलचं नाव छोटं ठेवणं आणि वर्णन फोल्डरांत वाटणं, कारण मर्यादा पत्त्याच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी लागू होते. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स बाइटऐवजी अक्षरं मोजतात. तिथे क्रिप्टच्या ॲडव्हान्स्ड भागात नावांची सांकेतिक पद्धत ‘बेस३२७६८’ निवडली तर बरीच लांब नावं चालतात. ही पद्धत पहिल्या कॉपीच्या आधीच ठरवा. नंतर बदलली तर आधी चढवलेली नावं वाचता येत नाहीत.

दुसरा मुद्दा ‘ऱ’चा. ‘साताऱ्याची सहल’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक सबंध चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असा जोडून. दिसायला दोन्ही सारखेच. मॅकवरून आलेल्या नावांत जोडलेला प्रकार आढळतो. आरक्लोन तुलना करताना दोन्ही एकच धरतो, म्हणून फाइल दोनदा चढत नाही. `--नो-युनिकोड-नॉर्मलायझेशन` हा पर्याय लावला तर ही समजूत बंद होते आणि एकच फोटो दोनदा साठू शकतो. मराठी नावं असतील तर तो लावू नका.

## पहिली कॉपी

`आरक्लोन कॉपी ~/फोटो तिजोरी:फोटो --ड्राय-रन`

`--ड्राय-रन`मुळे प्रत्यक्षात काहीच हलत नाही, काय हललं असतं त्याची यादी मिळते. यादी डोळ्यांखालून घाला, मग तो पर्याय काढून `-पी` (हा पी मोठ्या रोमन अक्षरात) लावा म्हणजे प्रगती दिसत राहील. लक्षात असू द्या की कॉपी फोल्डरातला ऐवज नेते, फोल्डर नेत नाही. उजवीकडे नुसतं `तिजोरी:` लिहिलं तर सगळे फोटो तिजोरीच्या मुळाशी विखुरतील. पत्त्यात मोकळी जागा असेल तर अख्खा पत्ता दुहेरी अवतरणात घाला.

नको त्या फायली `--एक्स्क्लूड`ने गाळता येतात. तिथे लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी मानली जातात. पुष्कळ कॅमेरे फायलींचं शेपूट मोठ्या लिपीतलं जेपीजी लावतात, तेव्हा लहान अक्षरांतला नियम त्यांना लागू होत नाही. `--इग्नोर-केस` लावला की प्रश्न मिटतो.

कॉपी झाल्यावर पडताळणी:

`आरक्लोन क्रिप्टचेक ~/फोटो तिजोरी:फोटो`

साधं `चेक` कुलूपबंद रिमोटवर फक्त आकार जुळवतं, मजकुराची खूण जुळवायला `क्रिप्टचेक`च लागतं.

`सिंक` ही कमांड पहिल्या दिवशी वापरू नका. कॉपी फक्त भर घालते आणि बदललेली फाइल ताजी करते. सिंक उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करते, म्हणजे डावीकडे नसलेलं उजवीकडून खोडते. सर्वांत घातक प्रसंग बाहेरच्या हार्डडिस्कचा: डिस्क जोडलेली नाही, तिचं रिकामं फोल्डर मात्र जागेवर आहे, सिंक चालतं आणि ‘डावीकडे काहीच नाही’ असं समजून सगळा बॅकअप खोडतं. सिंक वापरायचंच असेल तर दोन राखणदार हवेत:

`आरक्लोन सिंक ~/फोटो तिजोरी:फोटो --मॅक्स-डिलीट ५० --बॅकअप-डिर तिजोरी:जुने`

पहिला, ५० फायली खोडून झाल्या की पुढचं खोडणं थांबवतो. दुसरा, खोडायच्या किंवा बदलायच्या जुन्या प्रती `जुने` मध्ये हलवतो. हे फोल्डर त्याच रिमोटवर आणि `फोटो`च्या बाहेर असावं लागतं. गूगल ड्राइव्हवर आरक्लोनने खोडलेलं आधी कचऱ्यात जातं आणि ३० दिवस तिथे राहतं. हा शेवटचा आधार आहे, त्यावर विसंबू नका. कचराही जागा खातो; भरला तर ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडून तो रिकामा करा.

## वेग आणि मेमरी

आरक्लोन एका वेळी ४ फायली पाठवतो. नवखे लोक `--ट्रान्सफर्स` ३२ करून बघतात आणि वेग वाढत नाही. कारण गूगल ड्राइव्हवर सेकंदाला साधारण २ फायलींपेक्षा जास्त जात नाहीत. २०,००० छोटे फोटो असतील तर इंटरनेट कितीही चांगलं असलं तरी पावणेतीन तास धरून चाला. पहिली फेरी रात्री लावा. पुढच्या फेऱ्यांत फक्त नवं आणि बदललेलं जातं.

मोठ्या व्हिडिओंना मात्र `चंक_साइझ` वाढवून फरक पडतो. मूळ आकडा ८ एमबी आहे. ३२ किंवा ६४ करून पाहा, आकडा दोनाच्या घातातलाच हवा. प्रत्येक चालू फायलीमागे एवढी मेमरी लागते: ६४ गुणिले ४, म्हणजे २५६ एमबी. १ जीबी मेमरीच्या छोट्या रास्पबेरी पायवर इतकं वाढवू नका.

घरातल्या इतरांचं इंटरनेट अडू नये म्हणून `--बीडब्ल्यूलिमिट`. इथला आकडा बाइटमध्ये असतो आणि इंटरनेट कंपन्या बिटमध्ये सांगतात. ४० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मेगाबाइट. तिचा निम्मा भाग द्यायचा तर `२.५एम` लिहा. ४० लिहिलंत तर पुढे अक्षर नसल्यामुळे ते ४० किलोबाइट समजलं जाईल आणि कॉपी मुंगीच्या गतीने सरकेल. वेळापत्रकही देता येतं: `"०८:००,५१२के २३:००,ऑफ"` म्हणजे सकाळी आठपासून सेकंदाला ५१२ किलोबाइट, रात्री अकरानंतर मोकळं.

## रोज आपोआप

क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) लांब ओळ लिहिण्यापेक्षा कमांड छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनला फक्त स्क्रिप्टचा पत्ता द्या. स्क्रिप्टमध्ये आरक्लोनचा आणि कॉन्फिगचा पूर्ण पत्ता, `--लॉग-फाइल` आणि `-व्ही` असू द्या, कारण क्रॉन तुमच्या टर्मिनलमधली कोणतीही सेटिंग उचलत नाही. आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून कमांडच्या आधी `फ्लॉक -एन` लावा.

सेटिंग तीन ठिकाणांहून येऊ शकतं आणि त्यांची चढण ठरलेली आहे: कमांडच्या ओळीत लिहिलेलं सर्वांत वरचढ, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये नाव देऊन ठेवलेलं मूल्य), मग कॉन्फिग फाइल. `--ट्रान्सफर्स` हा पर्याय व्हेरिएबल म्हणून `आरक्लोन_ट्रान्सफर्स` असा, मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात. कॉन्फिग बदलूनही परिणाम दिसत नसेल तर वरच्या दोन जागा आधी तपासा.

## बंद पडलं तर

लॉगमध्ये `इनव्हॅलिड_ग्रँट` दिसलं की टोकन मेलेलं असतं: ॲप टेस्टिंगमध्ये राहिलं, गूगल खात्यातून परवानगी काढली गेली, किंवा ६ महिने ते वापरलंच गेलं नाही. `आरक्लोन कॉन्फिग रीकनेक्ट घर:` चालवून पुन्हा लॉग-इन करा. बाकी मांडणी तशीच राहते. `स्टोरेजकोटाएक्सीडेड` आलं तर जागा संपली आहे, `अबाउट`मधला कचऱ्याचा आकडा बघा.

तिजोरीची यादी रिकामी येते पण `घर:साठवण` मध्ये फायली दिसतात, असं झालं तर फायली शाबूत आहेत आणि पासवर्ड किंवा सॉल्ट चुकला आहे. नावं उलगडली नाहीत की आरक्लोन त्या फायली वगळतो. `-व्हीव्ही` लावल्यास तसे संदेश दिसतील. अशा वेळी नवी कॉपी सुरू करू नका, नाहीतर एकाच साठवणीत दोन वेगवेगळ्या किल्ल्यांच्या फायली मिसळतील.

लॅपटॉप हरवला तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातून ॲपची परवानगी लगेच काढा. नव्या संगणकावर परत उभं राहायला चार गोष्टी लागतात: त्याच प्रोजेक्टचा क्लायंट आयडी, कारण `ड्राइव्ह.फाइल` स्कोपमध्ये दुसऱ्याला जुन्या फायली दिसणार नाहीत. त्याचं सीक्रेट, जे गेलं तर कन्सोलमधून नवं काढता येतं. आणि तिजोरीचे दोन्ही पासवर्ड. `घर` आणि `तिजोरी` वरच्याप्रमाणेच पुन्हा बनवा. ‘रिमोट’च्या जागी `घर:साठवण` आणि नावांची सांकेतिक पद्धत आधी होती तीच द्या. मग आधी एकच छोटं फोल्डर वेगळ्या जागी उतरवून बघा:

`आरक्लोन कॉपी तिजोरी:फोटो/२०२४ ~/तपासणी -पी`

हीच कमांड मांडणी केल्या दिवशी, सगळं हाताशी असताना, एकदा चालवा आणि उतरलेले दोन-चार फोटो उघडून पाहा.